वरच्या मजल्याचं भाडं

एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास पुण्यात कर्वेनगरातल्या एखाद्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये स्टुलावर चढून छताला हात लावून बघा. बाहेर वारं सुटलेलं असतं, पण स्लॅब गरम लागतो. गच्चीवरचं दुपारचं ऊन सहा इंची काँक्रीटमधून खाली उतरायला चार-पाच तास घेतं. भाडेकरू कामावरून येतो, जेवायला बसतो आणि नेमकी तेव्हाच ही उष्णता घरात पोचते.

मग तो एसी लावतो आणि महावितरणचं बिलही तोच भरतो. स्लॅबवर खर्च मात्र मालकाने करायचा. भाड्याने द्यायचं घर ऊर्जा वाचवणारं बांधणं परवडतं का, या प्रश्नाची खरी गाठ इथे आहे.

केंद्राच्या 2018 च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, छतासाठी मर्यादा दिली आहे: आतबाहेर एका अंशाचा फरक असेल, तर चौरस मीटरमागे 1.2 वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. नुसत्या स्लॅबमधून साधारण 3 वॉट येते. वर दोन इंचांचा चांगला इन्सुलेशनचा थर आणि त्यावर पांढरी चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) टाकली, की आकडा 1 च्याही खाली जातो. बांधतानाच हे करून घेतलं तर स्वस्त पडतं; नंतर करायचं म्हणजे वॉटरप्रूफिंग उखडण्यापासून सुरुवात.

थंड देशांतल्यासारखी हवाबंद घरं आणि तिहेरी काचा पुण्यात कशाला? उन्हाळ्यातही इथली रात्र बऱ्यापैकी गार होते. समोरासमोर खिडक्या, पश्चिमेच्या खिडकीवर खोल छज्जा आणि छत एवढं नीट केलं, तर निम्मी लढाई जिंकली असं मला मनापासून वाटतं. पंख्याचंच बघा. जुना 75 वॉटचा, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा 30 च्या आसपास. रोज 12 तास, वर्षातले 300 दिवस चालला तर 162 युनिट वाचतात. युनिटला 10 रुपये धरले तर वर्षाला सोळाशे रुपये, तेही एका पंख्यामागे.

मालकाला यातलं काय मिळतं? गार घर म्हणून भाडं महिना पाचशेने वाढलं, तर वर्षाचे सहा हजार. पण वीस हजार भाड्याचं घर एक महिना रिकामं राहिलं, की वीस हजार गेले, शिवाय एजंटची दलाली. अकरा महिन्यांचा करार संपल्यावर भाडेकरू तिथेच राहिला तर छताचा खर्च लवकर फिटतो. मालकाने हिशोब इथून मांडावा.

आणि भाडेकरूंनी पाणी, पार्किंग विचारतो तसं करारापूर्वी मागच्या मे महिन्याचं वीजबिलही दाखवायला सांगावं.