केंदाळातली मरळ: पावसानंतरच्या गळाची तयारी

मरळ पाण्यात राहते, पण श्वास हवेतून घेते. तिच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, एक पोकळी असते. थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागावर येऊन ती त्या पोकळीत हवा भरते. तिला वर येऊच दिलं नाही, तर मोठी मरळ चांगल्या पाण्यातही गुदमरते. हे कारण ध्यानात ठेवलं की केंदाळाने, म्हणजे जलपर्णीने, भरलेल्या तलावावर गळ कुठे टाकायचा, हा प्रश्न निम्मा सुटतो. काठावर पोचल्यावर आधी पंधरा मिनिटं रॉड खालीच ठेवा आणि पाण्याकडे बघत राहा. हिरव्या पानांमधल्या उघड्या खिडकीत ‘टुप्’ असा आवाज येतो, एक छोटं वलय उठतं, मागे दोनचार बुडबुडे येतात. मरळ तिथेच आहे आणि काही वेळाने जवळपासच पुन्हा वर येणार आहे.

आपल्याकडचे बरेच जण अमेरिकेतल्या बास माशाचे व्हिडिओ बघून तयारी करतात. तिथल्या शरदात तलाव वरून थंड होतो. थंड झालेलं जड पाणी खाली जातं, तळाचं पाणी वर येतं आणि सगळा तलाव ढवळून निघतो. वनस्पती कुजायला लागतात, म्हणून बास उरलेल्या हिरव्या पट्ट्यांकडे सरकतो. मुंबईत ऑक्टोबर म्हणजे हीट. पारा चौतिशीच्या आसपास, पाणी कोमट, आणि जलपर्णी मरणं तर दूरच, ती जोमाने पसरत असते. त्यामुळे तिथलं वेळापत्रक इथे लावू नका. मात्र हिरवी वनस्पती आणि कुजकी वनस्पती यांत फरक करायचा, हा तिथला धडा इथेही खरा आहे.

दिवसा पाण्याखालची हिरवी वनस्पती ऑक्सिजन सोडते, रात्री तीच तो वापरते. म्हणून दाट वनस्पतीच्या तलावात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो सूर्योदयाच्या जरा आधी. एक लिटर हवेत साधारण 270 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, तर 30 अंशांच्या एक लिटर पाण्यात फार तर साडेसात. पहाटे तोही उतरतो, तेव्हा बारकी मासळी दाट भागातून निघून कडेला, पृष्ठभागाजवळ येते. हवेवर जगणाऱ्या मरळीला याचा काहीच त्रास नाही. दमलेलं भक्ष्य आणि ताजीतवानी शिकारी अशी गाठ पडते, म्हणून उजाडल्यापासून साडेआठ-नऊपर्यंतची वेळ सर्वात चांगली. दुसरी वेळ संध्याकाळी साडेचारनंतरची. भर दुपारी घरीच राहा.

मुंबईतून पाऊस सरासरीने 8 ऑक्टोबरच्या सुमारास माघारी जातो. त्यानंतर दहा-पंधरा दिवस गाळ बसू द्या, मग नोव्हेंबरअखेरपर्यंत हंगाम. जागेची परवानगी आधी घ्या. पवई तलावासाठी अँगलिंग (गळाने मासेमारी) संघटनेकडे विचारावं लागतं. विहार आणि तुळशी राष्ट्रीय उद्यानातले, पिण्याच्या पाण्याचे तलाव, तिकडे गळ नेऊच नका. कर्जत-शहापूरकडची बरीच तळी मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेली असतात, तेव्हा गावात विचारल्याशिवाय काठावर बसू नका. पवईत मगरी आहेत: पाण्यापासून दोन-तीन मीटर मागे उभं राहायचं, काठावर मासा साफ करायचा नाही, आणि अडकलेला ल्यूर (नकली आमिष) सोडवायला पाण्यात पाय घालायचा नाही. ल्यूर गेला तर जाऊ द्या.

केंदाळ तरंगतं, म्हणून ते वाऱ्याबरोबर फिरतं. आठवड्यापूर्वीच्या उपग्रह चित्रात दिसलेली मोकळी जागा आज बुजलेली असू शकते. मुंबईत या दिवसांत सकाळी वारा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून, मंद येतो आणि दुपारनंतर समुद्राकडून. त्यामुळे सकाळी पूर्वेचा काठ मोकळा मिळण्याची शक्यता जास्त, संध्याकाळी पश्चिमेचा. पाण्याखालची वनस्पती ओळखायला वीस ग्रॅमचं शिसं नुसतंच टाकून हळू ओढा. सहज आलं तर तळ साफ, रबरासारखं अडखळत आलं तर हायड्रिला. शिशाला आलेली काडी हिरवी आणि कुरकुरीत असेल तर जागा चांगली. तपकिरी, बुळबुळीत आणि सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर पुढे सरका. मरळ तिथेही तगेल, पण तिचं खाणं तिथे राहणार नाही.

आता सामान. तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी धागा, इथे उपयोगाचा नाही. तो ताणला जातो, त्यामुळे झटक्याची निम्मी ताकद त्यातच जिरते, आणि तो देठांवरून घसरतो. 40 ते 50 पौंडांची विणलेली दोरी घ्या, ती देठ कापत येते. साडेसहा-सात फुटी, कडक रॉड. ल्यूर म्हणजे पोकळ रबरी बेडूक, पाच-सहा सेंटिमीटरचा, ज्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो पानांवरून न अडकता सरकतो. तो बाससाठी बनला, पण मरळीला तो तितकाच आवडतो. बांधायला पालोमर गाठ: पंधरा सेंटिमीटर दोरी दुमडून ल्यूरच्या कडीतून घाला, सैल साधी गाठ मारा, राहिलेल्या फासातून अख्खा बेडूक ओवा, गाठ थुंकीने ओली करा आणि दोन्ही टोकं एकदम ओढा. नायलॉनची नेहमीची गाठ या गुळगुळीत दोरीवर सुटते.

बेडूक खिडकीच्या पलीकडे, पानांवर टाका. तिथून टुणटुण ओढत पाण्यात उतरवा आणि मोकळ्या पाण्यात तीन-चार सेकंद थांबा. बहुतेक हल्ले या थांबण्यावरच होतात. आणि चूकही इथेच होते: पाणी उसळलं की हात आपोआप झटका मारतो. मरळ पुष्कळदा पानांसकट गिळायला झेपावते, बेडूक अजून तिच्या तोंडात नीट गेलेला नसतो, आणि रिकामा बेडूक सूंऽऽ करत तुमच्या तोंडावर येतो. रॉड खाली करा, सैल दोरी गुंडाळा, वजन जाणवू द्या, मग जोरात वर. लागल्यावर मात्र एक क्षणही थांबू नका. रीळाचा ड्रॅग (दोरी सुटू न देणारा ब्रेक) घट्ट, रॉड उंच, मरळीचं डोकं पाण्याच्या वर. डोकं खाली गेलं की ती देठांत शिरते, आणि मग तुम्ही माशाला नाही, चार किलो केंदाळाला ओढत असता. तसं झालंच तर रॉडने झगडू नका. दोरी हाताला गुंडाळूही नका, ती बोट कापते. एका जाड काठीला गुंडाळून सरळ, सावकाश ओढा.

पावसाळ्यात मरळ वीण काढते, आणि उशिराची पिल्लं ऑक्टोबरातही दिसू शकतात. पृष्ठभागावर लालसर पिल्लांचा पुंजका थरथरताना दिसला, तर खाली आईबाप राखणीला असतात आणि बेडकावर हमखास येतात. तिथे गळ टाकू नका. राखणदार गेला की ती पिल्लं इतर मासे लगेच फस्त करतात.

दर दहा-बारा फेकींनंतर बेडूक पिळा. पोटात पाणी शिरलं की तो खाली बसतो आणि गळ पानांत अडकायला लागतात. पिळूनही बसत असेल तर रबराला चीर पडली आहे, दुसरा लावा. घरी निघण्याआधी दोरीला आणि बॅगेला चिकटलेली हायड्रिलाची काडी न् काडी काढा. तिच्या एका पेरापासूनही नवं झाड उगवतं.