बालसैनिकांचे मानसिक पुनर्वसन

सशस्त्र दलांनी किंवा गटांनी वापरलेल्या १८ वर्षांखालील मुलामुलींना पुन्हा घरात, शाळेत आणि गावात रुळता यावे यासाठी केलेले उपचार व आधाराचे काम. धरणग्रस्तांच्या नाशिक जिल्ह्यात पुनर्वसन म्हटले की जमीन आणि नवे गावठाण डोळ्यांपुढे येते; येथे प्रश्न उडालेल्या झोपेचा असतो आणि गावाच्या नजरेचा.

२००७ च्या पॅरिस तत्त्वांनुसार (सशस्त्र गटांशी जोडल्या गेलेल्या मुलांविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे) बंदूकधारी मुलांसोबतच स्वयंपाकी, हमाल, निरोप्ये आणि लैंगिक शोषणासाठी ठेवलेल्या मुलीही यात मोडतात. ही व्याख्या फार मोलाची आहे. हत्यार जमा करणाऱ्यालाच मदत दिली, की मुली यादीबाहेर राहतात. पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनच्या युद्धानंतर (१९९१–२००२) नेमके तेच झाले.

परतलेली मुले दचकतात, रात्री ओरडत उठतात, गप्प होतात, एकाएकी भडकतात. त्यांच्यासाठीच्या कथनाधारित उपचारात मुलासमोर जमिनीवर दोरी पसरतात. ती दोरी म्हणजे त्याचे जन्मापासूनचे आयुष्य. चांगल्या प्रसंगाच्या जागी फूल ठेवायचे, वाईटाच्या जागी दगड. मग एकेका दगडापाशी थांबून काय दिसले, कसला वास आला, छातीत काय झाले, हे मूल सांगते आणि समुपदेशक लिहून घेतो. पुढच्या भेटीत ते त्याला वाचून दाखवतात. अवचित अंगावर येणाऱ्या आठवणीला अशी तिची वेळ आणि जागा मिळते. उत्तर युगांडात हे काम प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक लोकांनी केले आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत माजी बालसैनिकांची आघातोत्तर लक्षणे कमी झालेली दिसली. नाशिकच्या सुरगाणा, पेठ यांसारख्या दुर्गम तालुक्यांत मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्यांनी हा अनुभव जरूर अभ्यासावा.

मात्र समुपदेशनाने सगळे साधत नाही. सिएरा लिओनमधील मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतल्यावर दिसले, की गावाने ज्यांना आपले म्हटले आणि ज्यांची शाळा टिकली ती अधिक सावरली. युगांडातील अचोली समाजात दीर्घकाळ बाहेर राहिलेला माणूस अंड्यावर पाय देऊन ते फोडतो आणि मग घरी येतो. भाकरतुकडा ओवाळून टाकणाऱ्या मराठी घराला याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. नेपाळात माओवाद्यांकडून परतलेल्या मुलींना मात्र सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांमुळे मुलग्यांपेक्षा जास्त दुरावा सोसावा लागला.

भारताने बालसैनिकांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारास २००५ मध्ये मान्यता दिली. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ८३ नुसार अतिरेकी गटाने मुलांना भरती करणे किंवा वापरणे हा गुन्हा असून त्यासाठी ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी व ५ लाख रुपये दंड आहे. सशस्त्र संघर्षाची झळ बसलेले मूल कायद्याने काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक ठरते आणि जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे येते. माओवादी संघर्षाची झळ लागलेल्या गडचिरोलीतील शासकीय आश्रमशाळा नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाच्या अखत्यारीत आहेत. अशा शाळेत रात्री ओरडत उठलेल्या मुलाशी पहिली गाठ अधीक्षकाची किंवा अधीक्षिकेची पडते. प्रशिक्षण आधी त्यांना हवे.