आठ आण्यांच्या कुत्र्यापासून लसीकरणापर्यंत

प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था पाळणाऱ्याला कोणता आधार देतात आणि त्यातून सगळ्या वस्तीच्या आरोग्याचे काय साधते, हा प्रश्न आज नवा वाटला, तरी मुंबईत त्याची सुरुवात एका दंग्याने झाली. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारावीत, असा इंग्रज सरकारचा नियम होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. बक्षिसाच्या लोभाने शिपाई लोकांच्या दारातली, म्हणजे मालक असलेली कुत्रीही मारू लागले, तेव्हा जून १८३२ मध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि बाजार बंद पडला. कुत्रा पारशी धर्मात पवित्र असल्याने त्यांचा संताप समजण्यासारखा आहे; पण त्या शिपायाला पाळीव आणि मोकाट यांत फरक करता आला नाही, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. पुढची जवळजवळ दोनशे वर्षे तोच घोळ चालू राहिला.

दंग्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. ते आसरा होते, दवाखाना नव्हे. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था शहरात स्थापन झाली. त्याच वर्षी घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या होत्या, आणि संस्थेपुढचा मोठा प्रश्न ओझ्याखाली पिचणारे घोडे आणि बैल हाच होता. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नी साकरबाईंच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय झाले आणि १८८६ मध्ये त्याच परिसरात पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. ज्याच्याकडे खासगी डॉक्टरची फी नाही, अशा माणसाला जनावर घेऊन जाण्याचे ठिकाण शहरात मिळाले, ते असे.

मोकाट कुत्र्यांचे मात्र मारणेच चालू राहिले. महापालिका विसाव्या शतकात विजेचा धक्का देऊन त्यांना मारत असे. तरी कुत्री कमी झाली नाहीत, कारण एका गल्लीतली कुत्री संपली की कचऱ्याच्या आशेने शेजारच्या गल्लीतली तिथे येत. मारून रेबीज आटोक्यात येत नाही, ही गोष्ट मुंबईतील स्वयंसेवी संस्थांनी न्यायालयापर्यंत लावून धरली, आणि १९९४ पासून मारण्याऐवजी नसबंदी व लसीकरण सुरू झाले. २००१ मध्ये त्याचे नियम देशभर लागू झाले. कानाच्या टोकाला दिलेला छोटा काप, ही नसबंदी झाल्याची खूण, आज वस्तीत सर्वांना ओळखता येते.

या कामात संस्थांचे खरे भांडवल म्हणजे माणसांची ओळख. जाळे दिसताच गाडीखाली शिरणारा कुत्रा रोज बिस्किटे घालणाऱ्या बाईंच्या हाकेला मुकाट्याने बाहेर येतो, आणि डॉक्टर तेवढ्या अर्ध्या मिनिटात सुई टोचून मोकळे होतात. सरकारी पथकाकडे गाडी असते, ही हाक नसते.

याचे सर्वांत भरीव उदाहरण गोव्यात आहे. तिथे पुष्कळ कुत्री घरची असतात, पण दिवसभर मोकळी फिरतात. 'मिशन रेबीज' या संस्थेने राज्य सरकारच्या साथीने २०१४ पासून घरोघर आणि रस्तोरस्ती लस टोचली. टोचलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण केली जाई, म्हणजे कोण राहिले ते पुढच्या फेरीत कळे. शाळांतून मुलांना चाव्यानंतर जखम साबणाने धुण्याचे आणि लगेच दवाखाना गाठण्याचे शिकवले गेले. जुन्या पिढीच्या मनात पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून असते, आणि ती इंजेक्शने कधीच बंद झाली, हेही सांगावे लागते. २०१८ पासून सलग तीन वर्षे माणसाचा एकही बळी न गेल्याने जून २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले.

रेबीजची साथ तुटण्यासाठी सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळावी लागते, आणि या मोजणीत पट्टा असलेला व नसलेला असा भेद नसतो. २०२३ च्या नव्या नियमांनी पाळीव कुत्र्याच्या लसीची व नसबंदीची जबाबदारी मालकावर, तर वस्तीतल्या कुत्र्यांना खाऊ घालण्याच्या जागेची सोय रहिवासी संघांवर टाकली आहे. गृहनिर्माण संस्थांच्या सभांमध्ये सध्या जे वाद पेटतात, ते बहुतेक याच दुसऱ्या कलमावरून. पहिल्याचा उल्लेख तिथे क्वचितच निघतो.