जखमेत जंतू सापडले म्हणजे संसर्ग झाला, असे नव्हे

मधुमेही व्यक्तीच्या पायाला जखम झाली की ‘रिपोर्टमध्ये जंतू आले, आता अँटिबायोटिक घ्यायलाच हवे’ असे सर्रास सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे. उघड्या जखमेवर जंतू असतातच. लाली, सूज, ऊब, दुखणे आणि पू यांपैकी किमान दोन लक्षणे दिसली, तरच संसर्ग मानतात, आणि मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संसर्गाची लक्षणे नसलेल्या जखमेसाठी अँटिबायोटिक देऊ नये. पायाची संवेदना गेलेली असेल तर दुखणे जाणवतही नाही, म्हणून जखम रोज डोळ्यांनी पाहावी लागते.

तपासणीसाठी जखमेतला नमुना कसा घेतला, यावरही बरेच अवलंबून असते. जखमेवरून वरवर फिरवलेला कापसाचा बोळा पृष्ठभागावरचे जंतू टिपतो आणि खोलवरचा खरा अपराधी निसटू शकतो. त्यामुळे जखम धुऊन, मृत भाग काढून, तळाशी खरवडून घेतलेला ऊतीचा तुकडा अधिक विश्वासार्ह ठरतो. रिपोर्टमध्ये औषधाच्या नावापुढे असलेला ‘एस’ म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देण्याची शक्यता आहे, ‘आर’ म्हणजे देणार नाही. भारतात अशा जखमांत स्टॅफिलोकॉकस या जंतूइतकेच स्यूडोमोनास, ई. कोलाय आणि क्लेब्सिएला हे वेगळे जंतूही वारंवार आढळतात, म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्यालाही लागू पडेल, असे अजिबात समजू नये.

अँटिबायोटिक संसर्ग आटोक्यात आणते. जखम भरण्यासाठी रक्तपुरवठा, साखरेवर नियंत्रण आणि पायावरचा भार कमी करणे लागतेच. मात्र लाली पसरली, ताप आला किंवा बोट काळे पडले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.