एन्व्हायर्नमेंट आणि तापमान: प्रेडिक्शन सॉफ्टवेअरमधल्या दोन रकान्यांची पार्श्वभूमी

रिलायबिलिटी प्रेडिक्शनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक उपकरण किती वेळा बिघडेल याचा अंदाज देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट उघडला की आधी एन्व्हायर्नमेंट (उपकरण कसल्या परिस्थितीत वापरले जाणार) आणि तापमान विचारले जाते. हे रकाने सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या डोक्यातून आलेले नाहीत. मिल-एचडीबीके-217 या अमेरिकी लष्करी हँडबुकातून ते जसेच्या तसे उचलले गेले. हँडबुक 1960च्या दशकातले, पण टूलमध्ये आज दिसते ती 1991ची ‘एफ’ आवृत्ती आणि तिची 1995ची दुसरी दुरुस्ती.

या आवृत्तीने एन्व्हायर्नमेंटचे वर्ग 27 वरून 14 वर आणले. यादी आटोपशीर झाली, पण एकेका नावात फार काही कोंबले गेले. ‘ग्राउंड बेनाइन’ हे नाव ऐकून वाटते, जमिनीवर एका जागी ठेवलेले कुठलेही उपकरण यात बसेल. तसे नाही. तापमान आणि आर्द्रता दोन्ही नियंत्रित हवीत. प्रयोगशाळेतली यंत्रे त्यात येतात, तशीच जमिनीखालच्या सायलोतली क्षेपणास्त्रेही. पुरेशी थंड हवा मिळणाऱ्या, पण कदाचित गरम न केलेल्या इमारतीतल्या रॅकसाठी ‘ग्राउंड फिक्स्ड’ आहे. आयसीसाठी (इंटिग्रेटेड सर्किट) पहिल्याचा गुणक, म्हणजे बिघाडाच्या हिशेबात गुणायचा आकडा, 0.5, दुसऱ्याचा 2.0. लहान गुणक घेऊन एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) वाढवून दाखवायचा मोह इथेच होतो, आणि तो टाळलाच पाहिजे.

व्याख्येतच तापमानाचा उल्लेख असल्यामुळे वर्ग निवडला की तापमानाचेही काम झाले, असा समज होतो. तो चुकीचा आहे. आयसीच्या मॉडेलमध्ये तापमानाचा गुणक सूत्रातल्या चिपच्या पदाला लागतो, एन्व्हायर्नमेंटचा पॅकेजच्या पदाला, आणि मग दोन्हींची बेरीज होते. रेझिस्टरला मात्र सगळे गुणक एकमेकांशी गुणले जातात. म्हणून तापमान न बदलता बेनाइनचे फिक्स्ड केले तर रेझिस्टरचा फेल्युअर रेट (बिघाडाचा दर) चौपट होतो, आयसीचा तेवढा वाढत नाही.

तापमान म्हणजे नेमके कशाचे, हा गुंता याहून मोठा. आयसीच्या सूत्राला जंक्शनचे, म्हणजे आतल्या चिपचे तापमान लागते. समजा केस (आयसीचे बाहेरचे आवरण) 35 अंश सेल्सिअसवर आहे, आयसी 2 वॅट खातो आणि जंक्शन ते केस उष्णतारोध वॅटमागे 10 अंश आहे. जंक्शन झाले 55 अंश. तिथे चुकून 35 भरले, तर तापमानाचा गुणक सीमॉस डिजिटल आयसीसाठी सुमारे 2.2 पटीने आणि लिनियर आयसीसाठी जवळपास साडेचार पटीने कमी येतो. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, कारण 35 हा आकडा दिसायला अगदी योग्य असतो.

1994मध्ये अमेरिकी संरक्षण खरेदीचे धोरण लष्करी मानकांपासून दूर वळले आणि 217 मागे पडू लागले. दूरसंचारातल्या एसआर-332 या मानकाने 40 अंश आणि 50 टक्के विद्युत ताण हा पाया धरला. 2004च्या फायडीस पद्धतीने तर एकाच तापमानाची कल्पना सोडून मिशन प्रोफाइल मागितले: कोणत्या टप्प्यात किती तास, किती अंश, किती वेळा गरम-गार, किती कंपन. माझ्या मते बदल योग्य दिशेचा होता. तापमानाच्या चढउताराने सोल्डरचे सांधे थकतात, आणि ते एका सरासरी आकड्यातून कळत नाही.

जुन्या प्रोजेक्टचे मानक टूलमध्ये बदलताना म्हणूनच आधीचे 40 अंश तापमान तसेच ठेवू नये. एसआर-332मध्ये ते भागाभोवतालच्या हवेचे असते, 217च्या आयसी मॉडेलला हवे असते जंक्शनचे.