पावनखिंड आणि नेसरी: एका दमात सांगू नयेत असे दोन प्रसंग

कोल्हापूर जिल्ह्यात मराठ्यांच्या रक्ताने ओळखल्या जाणाऱ्या दोन खिंडी आहेत. एक शाहूवाडी तालुक्यात, विशाळगडाच्या अलीकडे. दुसरी गडहिंग्लज तालुक्यात, नेसरीजवळ. दोन्हीकडे मूठभर मराठे, समोर विजापूरची फौज, आणि शेवटी सेनानीला वीरमरण. म्हणून शिवजयंतीच्या भाषणात, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत बाजीप्रभू आणि प्रतापराव गुजर यांची नावं एकापाठोपाठ घेतली जातात. पोरं टाळ्या घेतात, पण दोन्ही ठिकाणी काय घडलं, ते का घडलं, हे सांगायचं राहूनच जातं.

आधी पावनखिंड. १६६० च्या मार्चमध्ये विजापूरचा सरदार सिद्दी जौहर याने शिवाजी महाराज असलेल्या पन्हाळ्याला वेढा घातला. तिकडे मोगलांचा शाइस्तेखान पुण्यात येऊन बसला. नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो फसला. राजापूरचे इंग्रज तोफा-दारूगोळा घेऊन जौहरच्या मदतीला आले. पाऊस लागला तरी वेढा ढिला पडेना. गडावर बसून राहिलं तर स्वराज्य दोन्ही बाजूंनी चिरडलं जाणार, हे उघड होतं.

१२ जुलैच्या रात्री शिवाजी महाराज सुमारे सहाशे मावळे घेऊन गडाबाहेर पडले. दुसऱ्या पालखीत नेबापूरचे शिवा काशीद महाराजांचा वेश घेऊन बसले. आपण परत येणार नाही हे ठाऊक असलेला हा पहिला माणूस. पन्हाळ्यापर्यंत जाणाऱ्याने त्यांच्या पुतळ्यापुढे दोन मिनिटं थांबावं, एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो.

पुढे मसाई पठार, चिखल, ओढे, पायवाटा आणि मागे सिद्दी मसूदची घोडदळाची धाड. दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत, म्हणजे पुढे पावनखिंड म्हणून ओळखल्या गेलेल्या जागी, आल्यावर निर्णय झाला: निम्मी माणसं घेऊन बाजीप्रभूंनी खिंड धरायची, उरलेल्यांनी महाराजांना विशाळगडावर पोचवायचं.

ही जागा पावसाळ्यातच बघावी. कासारी नदी इथेच उगम पावते. जुलैत खिंडीच्या तळाशी पाणी वाहत असतं, दगडांवर शेवाळ, दोन्ही अंगांना खडक, आणि वाट इतकी अरुंद की शेजारी-शेजारी चालताना खांदे घासतात. घोडा इथे कामाचा नाही, स्वार खाली उतरलाच पाहिजे. हजारोंची फौज मागे उभी असली तरी पुढे लढायला येणार चार-दोनच. जिथे शत्रूची संख्या निकामी होते नेमकी ती जागा बाजीप्रभूंनी धरली, आणि तीनशे माणसांना तास न् तास लढता आलं ते त्यामुळेच. मावळ्यांची छाती तर होतीच, पण नुसत्या छातीवर ती खिंड टिकली नसती.

शिवाय त्या झुंजीला ठरलेला शेवट होता. महाराज गडावर पोचले की तोफ होणार, असं परंपरा सांगते. आणि विशाळगडालाही विजापूरच्या बाजूच्या सुर्वे-दळवी सरदारांचा वेढा होता. तो फोडून महाराजांना वर जावं लागलं, म्हणून वेळ लांबला. तेवढा वेळ बाजीप्रभू, फुलाजीप्रभू आणि मावळातल्या बांदल देशमुखांच्या माणसांनी अंगावर घेतला. दोघा भावांच्या समाध्या आज विशाळगडावर आहेत.

नेसरीची गोष्टही पन्हाळ्यापासूनच सुरू होते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी साठ माणसांनिशी पन्हाळा पुन्हा जिंकला. तो परत घ्यायला विजापूरहून बहलोलखान निघाला. सरनौबत, म्हणजे घोडदळाचे सेनापती, प्रतापराव गुजरांनी त्याला उमराणीला गाठलं, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात. एप्रिलचं ऊन, दुष्काळी मुलूख. प्रतापरावांनी पाण्याची जागाच ताब्यात घेतली आणि खानाची फौज तहानेने टेकीला आली. माझ्या मते प्रतापरावांचं खरं सेनापतिपण इथे बघावं. कमी माणसं खर्ची घालून मोठी फौज गुडघ्यावर आणणं सोपं नाही. आदल्याच वर्षी साल्हेरला पेशवे मोरोपंतांबरोबर त्यांनी मोगलांचा उघड्या मैदानात पराभव केला होता, तोही त्याच तोलाचा.

पण खानाने गयावया केली आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं. तो पुन्हा चालून आला. खानाला का सोडलं, असा जाब महाराजांनी विचारल्याचं सभासद बखर सांगते. बहलोलला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, हे शब्द प्रतापरावांच्या जिव्हारी लागले. २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीजवळ खान समोर दिसला आणि प्रतापराव मोजक्या स्वारांसह त्याच्यावर तुटून पडले. फौज मागे होती. प्रतापराव आणि सोबतचे ते स्वार सगळे मारले गेले. त्या स्वारांच्या नावांच्या ज्या याद्या आज फिरतात, त्यांना समकालीन कागदाचा आधार नाही.

मला प्रतापरावांचं मरण जराही कमी वाटत नाही. त्या माणसाला आपली चूक सोसवली नाही, आणि ती त्याने जिवाने फेडली. पण सरनौबत पडला की फौजेचं डोकं जातं. महाराजांचा राज्याभिषेक तीन-साडेतीन महिन्यांवर आला होता, बहलोल जिवंत होता, आणि स्वराज्याचा सगळ्यात अनुभवी घोडदळ सेनानी गेला होता. बाजीप्रभूंनी जीव देऊन आपल्या राजाला वेळ मिळवून दिला. प्रतापरावांच्या मरणाने तसं काहीच हाती लागलं नाही. दोघांना एकाच हारात ओवलं की हा फरक दिसत नाही, आणि मग संकटात नुसतं पुढे धावणं म्हणजेच नेतृत्व, असं पोरांच्या मनात बसतं.

नेसरीचा उरलेला भागही सांगायला हवा. सरनौबत गेला तरी फौज उधळली नाही. प्रतापरावांच्या हाताखालचे सरदार आनंदराव यांनी ती सावरली आणि महिन्याभरात बहलोलच्या जहागिरीतलं संपगाव लुटून हिशेब घेतला. सरनौबतीची जागा महाराजांनी तळबीडच्या हंसाजी मोहित्यांना, म्हणजे हंबीररावांना दिली. प्रतापरावांची मुलगी जानकीबाई राजाराम महाराजांची राणी झाली.