थर्मोस्टॅट काढल्याने इंजिन थंड होत नाही

उन्हाळा लागला, गाडीचा तापमानाचा काटा वर सरकू लागला की एक सल्ला हमखास मिळतो : थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याची वाट उघडणारी झडप, काढून टाका, पाणी मोकळं फिरू दे. ऐकताक्षणी पटावा असाच हा सल्ला आहे, पण बहुतेक इंजिनांत तो उलटा बसतो.

आधी उन्हाळ्याचा हिशेब. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेतला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामी येतो, साधारण तेवढाच सायलेन्सरमधून जातो आणि उरलेल्याचा बराचसा भाग कूलंटमार्फत (इंजिनात फिरणारं, उष्णता वाहून नेणारं द्रव) रेडिएटरला, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या नळ्यांच्या जाळीला, बाहेर टाकावा लागतो. रेडिएटर किती उष्णता टाकेल, हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. कूलंट ९५ अंश सेल्सिअस आणि हवा २५ अंश असेल, तर फरक ७० अंशांचा. हवा ४५ अंशांवर गेली की तो ५० वर येतो. काहीही न बिघडता रेडिएटरची ताकद जवळजवळ २९ टक्क्यांनी घटली! त्यात एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो, म्हणजे आत येणारी हवा आधीच तापलेली. हिवाळाभर खपून गेलेला अर्धवट चोंदलेला रेडिएटर उन्हाळ्यात उघडा पडतो तो यामुळे.

आता थर्मोस्टॅट. ही एक फारच देखणी चीज आहे. पितळेच्या छोट्या डबीत मेण भरलेलं असतं आणि उष्णता आतपर्यंत झटकन पोचावी म्हणून त्यात तांब्याची पूड मिसळलेली असते. मेण वितळताना प्रसरण पावतं, एका दांडीला रेटतं आणि स्प्रिंगचा जोर मोडून झडप उघडते. वीज नाही, सेन्सर नाही. डबीवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या तापमानाला झडप उघडू लागते आणि आणखी १०-१५ अंशांत पूर्ण उघडते. याचा अर्थ असा, की थर्मोस्टॅट फक्त किमान तापमान राखतो. भर उन्हात चढ चढताना ८२ चा काय आणि ८८ चा काय, दोन्ही सताड उघडेच असतात. म्हणून ‘थंड’, म्हणजे कमी आकड्याचा, थर्मोस्टॅट बसवूनही गाडी तापायची ती तापतेच.

काढून टाकला तर? अनेक थर्मोस्टॅटना दोन तबकड्या असतात. इंजिन थंड असताना कूलंट रेडिएटरला वळसा घालून बायपासमधून फिरतं. इंजिन तापलं की पहिली तबकडी रेडिएटरची वाट उघडते आणि त्याच हालचालीत दुसरी बायपास बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल, तर बायपास कायमचा उघडा. मग कूलंटचा काही भाग रेडिएटरला न भेटताच गरमागरम इंजिनात परततो. ‘पाणी फार वेगाने फिरतं, त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही’ हे लोकप्रिय स्पष्टीकरण मात्र चूक आहे. प्रवाह वाढला की उष्णता जास्तच वाहून नेली जाते.

मग दोष शोधायचा कसा? काटा कधी चढतो ते पाहा. सिग्नलला उभं असताना चढून चालू लागल्यावर उतरत असेल, तर संशयित पंखा. एसी लावा, पंखा फिरायला हवा. फिरत नसेल तर आधी फ्यूज पाहा, मग मोटरला बॅटरीचे थेट १२ व्होल्ट द्या : फिरली तर रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच), वायरिंग किंवा सेन्सर, नाही फिरली तर मोटर गेली. वेगात आणि चढावर तापत असेल, तर रेडिएटर बाहेरून धुळीने किंवा आतून क्षाराने चोंदला असेल, वॉटर पंप थकला असेल किंवा थर्मोस्टॅट अर्धवट अडकला असेल. रेडिएटर धुताना पाण्याची हलकी धार इंजिनाच्या बाजूने मारा. जोराच्या फवाऱ्याने रेडिएटरच्या पातळ पात्या वाकतात. थंड इंजिन सुरू करताच कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑईल दुधाळ झालं असेल, तर हेड गॅस्केटकडे (इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधली सीलबंद पट्टी) पाहावं लागेल. तिथे बाटलीतलं कुठलंही जादूचं द्रव्य ओतू नका. गळती बुजवणारा लगदा रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतो.

रेडिएटरचं झाकणही तपासा. ते साधारण १ बार जादा दाब धरतं, आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांना उकळतं. रबर चिरलेलं असेल तर दाब टिकत नाही आणि उकळी लवकर फुटते. गरम इंजिनाचं झाकण उघडलं की दाब एका क्षणात पडतो, आतल्या ११० अंशांच्या कूलंटची वाफ होते आणि ती तोंडावर येते. तासभर तरी थांबा.

कूलंट भरताना डिस्टिल्ड पाण्यात निम्मं, बाटलीतलं घट्ट कूलंट मिसळा. नुसतं घट्ट कूलंट पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा, आत अडकलेली हवा निघू द्या आणि गाडी थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहा. आणि काढलेला तो थर्मोस्टॅट फेकायच्या आधी दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात लोंबकळवा, शेजारी थर्मामीटर ठेवून पाणी तापवा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला, तर धुऊन परत बसवा.